महोत्सवाची वही: गावातल्या संगीत मंडळाने जबाबदारीने महोत्सव कसा करावा

आमच्या मंडळाचा तीन संध्याकाळींचा शास्त्रीय संगीत महोत्सव संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्च्या मोजून घ्यायला मैदानात गेलो. सफाईच्या दोघी बायका पाण्याच्या बाटल्या गोळा करत होत्या. एक जण झाकण काढायची, उरलेलं पाणी मातीत ओतायची आणि बाटली दुसरीकडे द्यायची. दुसरी ती पायाखाली चपटी करून पोत्यात टाकायची. मी उगाच मोजायला लागलो. शंभर बाटल्यांपैकी एकसष्ट बाटल्यांत पाणी होतं. पोती अकरा भरली. आणि कार्यक्रमपत्रिकेच्या दुसऱ्या पानावर ‘पर्यावरणपूरक महोत्सव’ असा परिच्छेद होता. तो मीच लिहिला होता.

तेव्हापासून मंडळात एक वही आहे. पैशांची नव्हे, ती खजिनदाराकडे असते. ही दुसरी. आपण समाजाचं काय देणं लागतो, निसर्गाचं काय, यावर बैठकीत पुष्कळ बोललं जातं. पण वहीत आकडा पडल्याशिवाय त्यातलं काही पुढच्या वर्षी होत नाही, हा आमचा अनुभव. खाली जे सांगतोय ते त्या वहीतून. दोनशे-चारशे श्रोते, दहा-बारा कार्यकर्ते आणि बेताचे पैसे असलेलं मंडळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

पायरी १: पाच महिने आधी, गेल्या वर्षाची बिलं काढा

नवीन संकल्प करण्याआधी जुनी बिलं जमिनीवर पसरा. मंडपवाला, साउंडवाला, डिझेल, हॉटेल, विमानाची तिकिटं, केटरर, छपाई, हार. त्यावरून वहीत दोन पानं करा. एका पानावर कोणाला किती पैसे दिले आणि कोणत्या तारखेला दिले. दुसऱ्यावर काय आणलं, किती उरलं आणि उरलेलं कुठे गेलं.

मग थोडा ढोबळ हिशेब मांडा. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा पावणेतीन किलोच्या आसपास. आमच्याकडे संध्याकाळी साठेक मोटारी येतात, येऊन-जाऊन वीस किलोमीटर धरले तर बाराशे किलोमीटर. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर ऐंशी लिटर. तीन संध्याकाळींचे मिळून साडेपाचशे किलो. जनरेटर तासाला आठ लिटर खात होता, रोज पाच तास, म्हणजे तीन दिवसांचे सव्वातीनशे किलो. कोलकात्याहून एक वादक आणि दोन साथीदार विमानाने आले-गेले, त्यांचे माणशी एकेरी सव्वाशे किलो धरले तरी साडेसातशे.

हे आकडे कुणाच्या तोंडावर फेकायला नाहीत. त्यांचा उपयोग इतकाच की कशावर किती वेळ घालवायचा ते कळतं. त्या वर्षी आम्ही फ्लेक्स लावायचा की नाही यावर तासभर भांडलो होतो. कलाकारांच्या तारखा आणि प्रवास दहा मिनिटांत उरकला होता.

पायरी २: जागा आणि वेळ

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर सरकारने जाहीर केले असतील तर ते शांतता क्षेत्र. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रातच संपतात. आपल्या वाट्याला एखादा येईल या भरवशावर राहू नका. बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून वाट आहे, उघड्या मैदानाला नाही.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. पहाटेच्या गारठ्यात शाल पांघरून ऐकलेला ललत किंवा भटियार हा ज्यांच्या आयुष्याचा भाग होता, त्यांना दहाची मर्यादा अजूनही बोचते. मलाही बोचते. पण मैदानालगतच्या इमारतीत आजारी माणूस असतो, बारावीची मुलगी असते, आणि आपलं संगीत शास्त्रीय आहे म्हणून त्यांच्या कानांना ते कमी लागत नाही.

यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे सकाळचं सत्र. रविवारी साडेसात ते साडेअकरा. दिवे लागत नाहीत, जनरेटर लागत नाही, जेवणाऐवजी पोहे-चहात भागतं, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांत कधीच न मिळणारे तोडी, जौनपुरी, अल्हैया बिलावल ऐकायला मिळतात. पहिल्या वर्षी नव्वदच माणसं आली. एका सदस्याने ‘हा फ्लॉप शो’ असं म्हटलं. तिसऱ्या वर्षी संध्याकाळपेक्षा जास्त आली, कारण आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना दुपारच्या एसटीने घरी परतता आलं.

एसटीवरून आठवलं. तारीख ठरवण्याआधी बसस्थानकात जाऊन शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा. आमच्याकडे एका बाजूची शेवटची गाडी पावणेदहाला सुटते. आम्ही संध्याकाळचा कार्यक्रम साडेसहाऐवजी साडेपाचला सुरू करून सव्वानऊला संपवतो. तसं पत्रिकेवर छापतो, आणि पाळतो. पाळणं अवघड जातं, कारण सत्कार लांबतात. सत्काराला बारा मिनिटं, पाहुण्यांच्या भाषणासह, हे आधी लेखी कळवलं की बहुतेक पाहुणे ऐकतात. मोटारींची संख्या कमी करायची असेल तर वेळ बदलणं हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे पास विकताना पत्ता विचारायचा आणि एका वस्तीतल्या चौघांना एकमेकांचे फोन नंबर द्यायचे का, ते विचारायचं. नको म्हणणारे नको म्हणतात.

शेजाऱ्यांकडे पंधरा दिवस आधी जाऊन या. पत्रिका हातात द्या, ध्वनिचाचणी कधी असेल ते सांगा आणि एका कार्यकर्त्याचा फोन नंबर द्या. आमच्या पहिल्या तक्रारीचं कारण गाणं नव्हतंच. दुपारी तीन वाजता साउंडवाल्या पोराने सिनेमाची गाणी लावून बास तपासला होता.

आवाजाबद्दल एवढंच: तीनशे माणसांच्या बैठकीला लग्नाच्या वरातीचा सेट लागत नाही. साउंडवाला तो आणतो, कारण त्याच्याकडे तोच असतो. समोर स्पीकरच्या दोन मोठ्या भिंती उभ्या करण्याऐवजी मधल्या रांगांजवळ दोन लहान स्पीकर वाढवा आणि सगळ्यांचा आवाज खाली आणा. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक द्या. गायकाला स्वतःचा तानपुरा नीट ऐकू आला की तो ‘मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवा, वाढवा’ म्हणत नाही, आणि निम्मी लढाई तिथेच संपते.

पायरी ३: बिदागी, साथीदार आणि मागे बसलेली मुलगी

सामाजिक जबाबदारी म्हटलं की मंडळांना लगेच अनाथाश्रमातल्या मुलांना बोलावणं सुचतं. आधी स्टेजवर बघा. तिथे चार-पाच माणसं बसलेली असतात आणि त्यांच्या बिदागीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मुख्य कलाकाराची रक्कम ठरवताना आपण घाम गाळतो, आणि तबला-पेटीचं ‘बघू, स्थानिक आहेत’ असं म्हणून सोडून देतो. तानपुऱ्यावर बसलेली शिष्या दोन-दोन तास मांडी न हलवता सूर धरून ठेवते. तिच्या नावाची घोषणा चुकीची होते आणि पाकीट बहुतेकदा निघतच नाही.

आमचे नियम सांगतो. प्रत्येकाची रक्कम वेगळी, लेखी, निदान महिनाभर आधी कळवलेली. पैसे थेट त्या-त्या माणसाच्या खात्यात, कार्यक्रमाच्या दिवशीच. मुख्य कलाकाराच्या हातात एकच पाकीट देऊन ‘वाटून घ्या’ म्हणायचं नाही. टीडीएस कापायचा असेल तर तो आकडाही आधी सांगायचा आणि प्रमाणपत्र वेळेत पाठवायचं. तानपुऱ्याच्या साथीला मानधन आहे, ते थोडं आहे, पण आहे. प्रवास रद्द झाला तर काय, हेही त्याच पत्रात. मी स्वतः तरुणपणी पेटीची साथ करायचो. एका गावच्या आयोजकांनी ‘पैसे मनीऑर्डरने येतील’ असं सांगून निरोप दिला होता. जुनी कागदी मनीऑर्डर बंद झाली, पैसे अजून यायचे आहेत.

कलाकारांची निवड हा याहून नाजूक भाग. गेल्या दहा वर्षांच्या पत्रिका काढून नावं मोजा: बायका किती, त्यांतल्या वादक किती, तबल्यावर एखादी तरी बाई होती का, आपल्या जिल्ह्यातले किती, एकाच घराण्यातले किंवा एकाच गुरूकडचे किती. आमच्या दहा वर्षांत गायिका भरपूर निघाल्या, तबलावादक बाई एकही नाही.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रांना हा प्रश्न आपल्या आधी उघडपणे झेलावा लागला. बॉस्टन सिम्फनीने १९५२ मध्ये पडद्याआडून वादन ऐकून निवड करण्याचा प्रयोग केला आणि पुढे अमेरिकेत ती रूढ पद्धत झाली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने मात्र बाईला सदस्यत्व द्यायला १९९७ साल उजाडू दिलं. आपल्याकडे नामवंत कलाकार पडद्याआडून निवडता येणार नाहीत, तसं करूही नये. पण ‘युवा कलाकार’ सत्रासाठी ही युक्ती छान चालते. पंधरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण मागवा, चित्रफीत नको. एका सदस्याने नावं काढून त्यांना क्रमांक द्यावेत आणि परीक्षकांनी फक्त क्रमांक ऐकावेत. पहिल्याच वर्षी आमच्या परीक्षकांनी ज्या मुलीला वरचे गुण दिले, तिचे गुरू कोण हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ती तालुक्याच्या गावातल्या शाळेतल्या संगीतशिक्षिकेकडे शिकत होती.

आता ज्या विषयावर मंडळं गप्प बसतात तो. बाहेरगावहून आलेल्या मुलींची राहण्याची सोय वेगळ्या खोलीत, आतून कडी लागणाऱ्या. ग्रीनरूमलाही कडी हवी आणि जवळ बायकांसाठी स्वच्छ शौचालय हवं. रात्री सोडायला जाणाऱ्या गाडीत चालकाशिवाय आपला एक माणूस हवा. अल्पवयीन शिष्य कुणाच्याही खोलीत एकट्याने रियाजाला जाणार नाही, गुरू कितीही मोठे असोत. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर कलाकारांच्या पत्रातच छापा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते. मंडळ त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता आधी शोधून वहीत लिहून ठेवा. गरज पडेल त्या रात्री शोधत बसायला कुणाचं डोकं जागेवर नसतं.

पायरी ४: ऐकायला कोण येतं

आमच्या मैदानात पहिल्या दोन रांगा सोफ्यांच्या असायच्या. प्रायोजक आणि पाहुणे. साडेसातपर्यंत निम्मे सोफे रिकामे व्हायचे आणि मागे कडेला उभी असलेली माणसं तिथे येऊन बसायला धजत नसत. एका वर्षी आम्ही सोफेच काढले. स्टेजला लागून सतरंजी, तिथे बसणाऱ्यांना प्रवेश विनामूल्य, मागे खुर्च्यांना तिकीट. प्रायोजकांपैकी एक जण रुसला. बाकीचे सतरंजीवर आले आणि ‘गुडघे दुखले पण मजा आली’ म्हणाले.

विनामूल्य ऐकवण्याची परंपरा आपल्याच भागात आहे. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावतात आणि ऐकायला बसणाऱ्याला कुणी तिकीट विचारत नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबरही त्याच आवारात आहे.

आणखी एक भान ठेवावं. आज जे संगीत आपण पांढऱ्या चादरीवर, समई लावून ऐकतो, ते ज्यांनी टिकवलं त्यांतल्या कितीतरी जणी कलावंत समाजातल्या, म्हणजे पिढीजात गाणं-नाच करणाऱ्या घरांतल्या बायका होत्या आणि त्यांना त्या काळच्या सभ्य घरांत मान नव्हता. गायिका हिराबाई बडोदेकरांनी जाहीर मैफलीत तिकीट लावून गाणं, हीच तेव्हा धीटपणाची गोष्ट होती. गायिका मोगूबाई कुर्डीकर ज्या कुर्डीच्या, ते गोव्यातलं गाव साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती दिसतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. निवेदकाला राग आणि घराण्याबरोबर असलं काही सांगायला हरकत नाही. दोन मिनिटं पुरतात.

शाळांचं म्हणाल तर एकदाच जाऊन, फोटो काढून परतणं थांबवा. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कामरफिलहार्मोनी या वाद्यवृंदाने २००७ मध्ये आपल्या तालमींची जागाच शहराच्या एका कष्टकरी वस्तीतल्या शाळेत नेली. डबा खायच्या वेळी मुलं आणि वादक एकाच ठिकाणी. आपल्याला तालमीची जागा नसते, पण एक शाळा निवडून तीन वर्षं तिथेच जाणं जमतं. आम्ही नगरपालिकेची एक शाळा घेतली. वर्षातून चार वेळा, प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं. शास्त्रीय संगीताचं महत्त्व यावर भाषण नाही. तबलावादकाने बोल तोंडाने म्हणायचे, मुलांनी परत म्हणायचे, मग तेच तबल्यावर. ‘धा तिरकिट’ला मुलं हसून लोळतात. तानपुरा आडवा ठेवून प्रत्येकाला चार तारा छेडू द्यायच्या. एक मुलगा भोपळ्याला कान लावून बसला तो उठायलाच तयार नव्हता. तिथे जाणाऱ्या कलाकाराला मानधन द्या. सेवा म्हणून एकदा येणारा दुसऱ्यांदा येईलच असं नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मंडपवाले तीन फुटांची फळी टाकून मोकळे होतात. ती घसरगुंडी असते.

पायरी ५: तारखा जुळवा, विमानं कमी होतील

स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने विमानाने येणारे पाहुणे कलाकार न बोलावण्याचं ठरवलं. युरोपात रेल्वेचं जाळं दाट आहे, त्यांना जमतं. पुण्याहून हावड्याला आगगाडीने एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. सत्तरीच्या सरोदियाला तसं बसवून आणणं ही क्रूरता होईल. तेव्हा विमान बंद करण्याच्या गोष्टी नकोत. एका विमानप्रवासात किती मैफली होतात, ते बघा.

कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ चा आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड, पुणे, सगळीकडे मंडळं आहेत आणि बहुतेकांचे महोत्सव नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असतात. तरी तोच कलाकार डिसेंबरात एका गावी आणि जानेवारीत शेजारच्या गावी दोनदा उडत येतो, कारण दोन्ही मंडळांचे कार्यवाह एकमेकांशी बोलत नाहीत. जुलैत फोन करा. आम्ही दोन मंडळांशी तारखा जुळवल्या: शुक्रवारी ते, शनिवारी आम्ही, रविवारी सकाळी तिसरे. विमानाचा खर्च तिघांत वाटला आणि वाचलेले पैसे साथीदारांच्या मानधनात गेले. मध्येच एका मंडळाने ‘आमच्या आधी तुमच्याकडे नको’ असा मानापमान काढला. दरवर्षी क्रम फिरवायचा असं ठरल्यावर ते शांत झाले.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना आगगाडीचं वरच्या वर्गाचं तिकीट वेळेवर काढून द्या. तानपुरा आणि पखवाज घेऊन गर्दीत चढणं नको म्हणूनच बरेच जण मोटार मागतात. इथे तुम्ही उत्तम जुळलेली वाद्यं तयार ठेवलीत तर मोटारीचं कारणच उरत नाही.

पायरी ६: मंडळाची स्वतःची वाद्यं

यासाठी मंडळाकडे तानपुऱ्यांची एक तरी चांगली जोडी हवी. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांकडे जाऊन, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या माणसासमोर बसून वाद्य घ्या. भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतातला, लाकूड तुणाचं. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीवर, तार नेमकी किती टेकते यावर जवारी, म्हणजे सुराचा झंकार, ठरते. कारागीर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा एकदा फिरवतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की एका विशिष्ट जागी सूर अचानक उमलतो. ती जागा केसभर असते. हे काम बघायला कार्यकर्त्यांना एकदा घेऊन जा. मग महोत्सवाच्या दिवशी तानपुरा भिंतीला तिरका टेकवून कुणी चहाला जाणार नाही.

घोडी कशाची आहे ते विचारा. जुन्या वाद्यांत हस्तिदंत आणि सांबरशिंग सापडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज त्यांचा व्यापार करता येत नाही. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून कुणी सांबरशिंगाची घोडी देऊ केली तर नको म्हणा. लाकडाची, उंटाच्या हाडाची आणि कृत्रिम पदार्थांचीही मिळते. व्हायोलिनवाल्यांची अडचण याच जातीची आहे. उत्तम गज ब्राझीलमधल्या पर्नाम्बुको लाकडाचे होतात, ते झाड इतकं तुटलं की २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आलं.

दरवर्षी जवारी काढून घेणं, तबल्याची पुडी बदलणं, पेटीचे सूर जुळवणं यासाठी वहीत वेगळी रक्कम धरा. नवं वाद्य न घेता जुनं दुरुस्त करून शाळेला देता येतं. आमच्या एका सदस्याच्या माळ्यावर आजोबांची पेटी होती, भात्याला भोकं पडलेली. दुरुस्त होऊन ती आता नगरपालिकेच्या शाळेत वाजते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोयीचा आहे, प्रवासात ठीक. पण मंडळाच्या स्टेजवर खरे तानपुरे ठेवले तर कारागिराला काम मिळतं, आणि मागे बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना जवळून शिकायला मिळतं.

पायरी ७: पाणी, हार, मंडप

बाटल्यांचं आम्ही असं केलं: वीस लिटरचे जार, स्टीलचे दोनशे पेले भाड्याने, दोन मोठी घमेली, आणि धुण्यासाठी दोन बायका, ठरलेल्या मजुरीवर. पेले धुणारं माणूस आधी ठरवलं नाही तर मध्यंतरात पेले संपतात आणि कुणीतरी धावत जाऊन बाटल्यांचे बॉक्स घेऊन येतो. आमचंही पहिल्या वर्षी तसंच झालं. कलाकारासाठी स्टेजवर तांब्या-भांडं. ते दिसायलाही बरं.

१ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तूंत प्लास्टिकचे पेले-ताटल्या-चमचे आहेतच, पण सजावटीचा थर्माकोल, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि मिठाईच्या खोक्यावर किंवा निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळलेला पातळ कागद, म्हणजे ते चुरचुरणारं प्लास्टिक, हेही आहे. प्रायोजकाने पाठवलेले मिठाईचे बॉक्स नेमके त्यातच येतात. आधी कळवा. मंचामागचा पडदा कापडी करा आणि त्यावर वर्षाचा आकडा घालू नका. आमचा सहा वर्षं चाललाय.

वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीने घ्या, अर्ज वेळेत करा, जनरेटर फक्त गेली तर म्हणून उभा ठेवा. दिवे एलईडी सांगितले की भारही बराच उतरतो.

जेवण कुपनावर. किती उरलं ते दरवर्षी लिहा, केटररला पुढच्या वर्षी तोच आकडा दाखवा. उरलेलं अन्न रात्री साडेनऊला कुणाला द्यायचं हे दुपारीच ठरलेलं असावं.

शाल-श्रीफळ हा हट्टाचा विषय. नामवंत कलाकाराच्या घरी शालींनी भरलेलं कपाट असतं. एका गायिकेने मला हसत सांगितलं, ‘तुमच्या गावाची शाल मला दुसऱ्या गावाहून परत मिळाली.’ आम्ही शाल बंद केली, तिचे पैसे मानधनात घातले. नारळ ठेवला, तो खाल्ला जातो. हार बंद करून एक सोनचाफ्याचं फूल द्यायचं ठरवलं. ठराव एकमताने झाला.

पायरी ८: दुसऱ्या दिवसाची सकाळ

हिशेब चोवीस तासांत लिहा, नाहीतर सगळं छान झालं एवढंच आठवतं. पोती किती, डिझेल किती लिटर, जेवण किती माणसांचं उरलं, आवाजाच्या तक्रारी किती आणि किती वाजता. कोणाचं मानधन अजून गेलं नाही. सतरंजीवर किती बसले, एसटीने किती आले, हे दारावरच्या पोरांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. पेले धुणाऱ्या आणि मैदान झाडणाऱ्या बायकांनाही विचारा: काय जड गेलं? आमच्या त्या दोघींपैकी एकीने सांगितलं की पोती बांधायला सुतळी कधीच नसते. आता असते.

ही वही आभारसभेत, आभार मानण्याआधी वाचायची. आधी आभार झाले तर मागून कुणी ऐकत नाही, सगळे बटाटेवड्यांकडे बघत असतात. प्रायोजकांनाही एक प्रत पाठवा. ज्या प्रायोजकाच्या कामाविषयी आपल्यालाच अवघड वाटतं त्याचे पैसे घ्यायचे का, हा वाद त्याच सभेत करा, ऑक्टोबरात पैशांची निकड असताना करू नका.

गेल्या वर्षी मैदानातून तीन पोती निघाली. दोन पत्रावळींची, एक झेंडूच्या हारांचं. हार कोणी मागवले होते, त्याची नोंद वहीत अजून झालेली नाही.